अनुभव धागा : आयर्लंडमध्ये ऐकलेल्या फितुरीच्या गोष्टी

आयर्लंडात राहणाऱ्या, फिरून आलेल्या मंडळींनो, बंडवाले आणि त्यांना पकडून देणारा खबऱ्या ही कथा तिथे गावोगाव भेटते. तुमच्या कानावर काय आलंय? सुरुवात मी करते.

डब्लिनच्या दक्षिणेला विकलोच्या डोंगरात डेरीनामक (Derrynamuck) नावाची वस्ती आहे. इंग्रजांविरुद्धचा १७९८चा उठाव मोडला तरी बंडवाला मायकेल ड्वायर तिथे लपूनछपून लढत होता. फेब्रुवारी १७९९मध्ये खबर फुटली. सरकारी फौजेने घर वेढलं, आग लागली. त्याचा जखमी साथीदार सॅम मॅकअ‍ॅलिस्टर दारात जाऊन उभा राहिला, सैनिकांनी त्याच्यावर बंदुका रिकाम्या केल्या आणि त्या पुन्हा भरेपर्यंत ड्वायर पसार! बर्फातून अनवाणी पळाला म्हणतात. ते शाकारलेलं घर अजून जपलंय. खबर कुणी दिली, असं आमच्या घरमालकीणबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "त्यांची माणसं अजून इथेच राहतात," आणि चहाचं आधण ठेवायला उठल्या.

डब्लिनवासी : आमच्याकडचा नमुना म्हणजे लेनर्ड मॅकनली. बंडवाल्यांचा वकील, १८०३च्या उठावाचा नेता रॉबर्ट एमेट याचासुद्धा. अशील फासावर, वकिलाला सरकारी पेन्शन! १८२०मध्ये तो मेल्यावर बिंग फुटलं. डोंगरातला भुकेला खबऱ्या एक वेळ समजू शकतो, हा नाही.

मूळ पुणेकर : डोनेगलमध्ये डेरीबेगला पॅट्रिक ओडॉनेलचं स्मारक पाहिलं. १८८२च्या फीनिक्स पार्क खुनांच्या (डब्लिनमध्ये दोन बड्या सरकारी अधिकाऱ्यांना मारलं होतं) खटल्यात जेम्स कॅरी माफीचा साक्षीदार झाला आणि पाच साथीदार फासावर गेले. सरकारने त्याला नाव बदलून आफ्रिकेकडे धाडलं, पण जुलै १८८३मध्ये ओडॉनेलने बोटीवरच त्याला गोळ्या घातल्या. ओडॉनेलला मुद्दाम मागावर पाठवलं होतं, असं एक आजोबा ठासून सांगत होते. योगायोगही असेल. मला मात्र द्रविड बंधू आठवले. चापेकरांची खबर त्यांनी दिली आणि फेब्रुवारी १८९९मध्ये पुण्यातच वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांनी त्यांना संपवलं. आजोबांना हे सांगितलं, तर त्यांचा पहिला प्रश्न, "बक्षीस किती होतं?" वीस हजार रुपये.

वाचनमात्र : सगळे फुटलेल्यांबद्दलच लिहिताय. अ‍ॅन डेव्हलिन? ड्वायरची नातेवाईक, एमेटच्या घरी कामाला. सैनिकांनी फास लावून अर्धमेली केली, किल्मेनहॅम तुरुंगात डांबली, तरी एक नाव सांगितलं नाही. १८५१मध्ये गरिबीत गेली.

डब्लिनवासी : @वाचनमात्र, बरोबर. तुरुंग बघायला जाणाऱ्यांनी तिकीट आधीच काढा, ऐनवेळी सहसा मिळत नाही.