व्हिम या मजकूर-संपादकात (टेक्स्ट एडिटर) ‘पेस्ट’ सेटिंगमुळे प्लगइन बंद पडते का?

प्रश्न: कंसाची जोडी आपोआप पूर्ण करणारे प्लगइन (जोड-प्रोग्राम) लोड झालेले दिसते, परंतु इन्सर्ट मोडमध्ये (मजकूर टाइप करण्याच्या स्थितीत) बंद कंस उमटत नाही. कॉन्फिगरेशन फाइलमधील ‘सेट पेस्ट’ या ओळीचा याच्याशी संबंध असेल का?

उत्तर १: होय. ‘पेस्ट’ चालू असताना व्हिम इन्सर्ट मोडमधील सर्व मॅपिंग (कळ दाबल्यावर ठरवून दिलेली क्रिया घडवणाऱ्या जोडण्या) निष्क्रिय करते आणि ‘ऑटोइंडेंट’ही (नव्या ओळीला आपोआप समास देणारी सोय) बंद ठेवते, अशी प्लगइन्स सहसा याच मॅपिंगवर चालत असल्याने दाबलेली कळ त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. हा पर्याय मजकूर चिकटवण्यापुरताच आहे, तो कायम चालू ठेवणे मला अयोग्य वाटते. ती ओळ काढावी.

उत्तर २: तरीही अडचण राहिल्यास ‘व्हर्बोज सेट पेस्ट?’ ही आज्ञा द्यावी. हा पर्याय शेवटी कोठे बदलला गेला, हे तीत दिसते.

प्रश्नकर्ता: ओळ काढताच कंस उमटू लागले. मनःपूर्वक आभार.