मदत हवी आहे : आतडी टाकून दिल्यावर समुद्रकाकडी जगते कशी?

समुद्रकाकडीविषयी वाचताना एका मुद्द्यावर मी अडलो आहे, म्हणून जाणकारांकडे मदत मागत आहे. तारामासा आणि समुद्री साळू यांच्याच कंटकचर्मी संघातला हा प्राणी. मेंदू नाही, तोंडाभोवती मज्जातंतूंचे एक कडे आहे, आणि त्वचेत सूक्ष्म चुनखडी कण विखुरलेले असतात, ज्यांच्या आकारावरून जाती ओळखतात. इथवर ठीक आहे.

काही जाती शत्रूने छेडल्यावर गुदद्वारातून चिकट पांढरे धागे सोडतात, ज्यांत खेकड्याचे पाय गुरफटतात. हे धागे म्हणजे क्युव्हिएच्या नलिका असून त्या पुन्हा वाढतात, हेही समजते. मात्र अनेक जाती याहून पुढे जाऊन आतडीच बाहेर फेकतात आणि त्यांसोबत पुष्कळदा श्वसनवृक्षही (श्वसनाच्या फांद्यांसारख्या नळ्या) जातात. समुद्रकाकडी गुदद्वारातून पाणी आत घेऊन याच श्वसनवृक्षांद्वारे श्वास घेते (निसर्गाची ही मांडणी मला अजून पचलेली नाही), मग ते नव्याने वाढेपर्यंत तिला प्राणवायू कसा मिळतो? त्वचा आणि नलिकापाद (नळीसारखे बारीक पाय) यांमधून होणारी देवाणघेवाण तेवढ्या काळास पुरते काय? शिवाय नवे आतडे तयार होईपर्यंत अन्न घेता येत नसताना ऊर्जा कोठून येते. देहभित्तीतील साठा वापरला जातो काय?

आतडी बाहेर टाकणे आणि धागे सोडणे या दोन क्रिया एकच समजून लिहिलेले लेख पुष्कळ आहेत, तेव्हा कृपया उत्तरात त्या वेगळ्या ठेवाव्यात.