मोठ्या कुटुंबातल्या जेवणाच्या खोलीच्या आठवणी : भावंडांच्या आठवणी जुळत नसतील तर लिहावे कसे?

प्रश्न – लांबटेबल

माझे बालपण माणसांनी भरलेल्या घरात गेले. आजी-आजोबा, काका-काकू, आत्या, आम्ही सख्खी-चुलत भावंडे आणि बहुधा कोणी ना कोणी पाहुणा, असे सगळे रात्रीच्या जेवणाला एकाच खोलीत जमत असू. खोलीच्या मधोमध एक लांब टेबल होते आणि तेही पुरत नसल्यामुळे भिंतीलगत मुलांसाठी एक बुटके टेबल मांडलेले असे. ते घर आता आमच्याकडे राहिलेले नाही आणि त्या टेबलाभोवती बसणाऱ्यांपैकीही बरेच जण गेले. त्यामुळे पुढच्या पिढीसाठी त्या जेवणांविषयी एक छोटी पुस्तिका लिहावी असे मी ठरवले आणि भावंडांकडून आठवणी मागवल्या.

घोळ तिथूनच सुरू झाला. एकदा दुधाचे भांडे टेबलावर उलटले आणि दूध फळीच्या फटीतून थेट आजोबांच्या मांडीवर ओघळले, हा आमच्या घरातला गाजलेला प्रसंग आहे. भांडे माझ्या कोपराने उलटले, असे मला लख्ख आठवते. माझी ओली, चिकट बाही आजही जाणवते. माझा चुलतभाऊ मात्र शपथेवर सांगतो की कोपर त्याचे होते आणि बाहीही त्याचीच भिजली होती. त्याहून कमाल म्हणजे आमची धाकटी बहीण आजोबांच्या चेहऱ्याचे साग्रसंगीत वर्णन करते, आणि तिचा तर तेव्हा जन्मही झालेला नव्हता.

दुसरी अडचण अधिक बोचणारी आहे. त्या खोलीत आम्ही वर्षानुवर्षे जेवलो, परंतु पहिल्या घासापासून हात धुण्यापर्यंत सबंध आठवावे असे एकही जेवण माझ्याजवळ नाही. खुर्च्या ओढल्याचा आवाज आहे, काकांचे खाकरणे आहे, टेबलाच्या खालच्या बाजूला बोटांना लागणारी एक खडबडीत गाठ आहे. प्रसंग मात्र नाही. अशा सामग्रीवर लिहावे तरी काय? सगळ्यांच्या आठवणी पडताळून एकच प्रमाण हकिकत सिद्ध करावी, की आणखी काही मार्ग आहे? ज्यांनी असे लेखन केले आहे किंवा या विषयाचा अभ्यास केला आहे, त्यांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ – मागचेपान

आपण विचारलेल्या दोन अडचणींची मुळे वेगवेगळी आहेत, म्हणून आधी दुसरीविषयी लिहितो.

रोज त्याच वेळी, त्याच जागी, त्याच माणसांसोबत घडणारी गोष्ट मन सुटी सुटी जपून ठेवत नाही. तिचा एक साचा तयार होतो आणि बाकीचे त्यात विरघळून जाते. मानसशास्त्रज्ञ कॅथरीन नेल्सन यांनी लहान मुलांवर केलेल्या अभ्यासात असे दिसले होते की जेवताना काय होते असे विचारल्यावर तीन-चार वर्षांची मुलेदेखील एखाद्या विशिष्ट जेवणाची हकिकत सांगण्याऐवजी आधी हे होते, मग ते होते, अशी नेहमीची रीत सांगतात. साचा मोडणारा दिवस तेवढा वेगळा उरतो, आणि म्हणूनच सांडलेले दूध सर्वांना आठवते व न सांडलेले कोणालाच आठवत नाही. यात आपल्या स्मरणशक्तीचा काही दोष नाही. उल्रिक नायसर यांनी १९८१ मध्ये वॉटरगेट या अमेरिकी राजकीय प्रकरणात अध्यक्ष निक्सन यांचे विधी सल्लागार जॉन डीन यांनी त्यांच्याशी झालेल्या बैठकींविषयी दिलेल्या साक्षीची त्या बैठकींच्या प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणांशी तुलना केली, तेव्हा असे आढळले की एका बैठकीची म्हणून सांगितलेली आठवण त्या बैठकीला शब्दशः धरून नव्हती, तरी वारंवार घडलेल्या गोष्टींचे सार तिच्यात बरोबर उतरले होते. आपल्या काकांचे खाकरणे याच जातीचे आहे. ते कोणत्या रात्रीचे, हे ठरवण्याची गरजच नाही, कारण ते बहुतेक सगळ्या रात्रींचे आहे.

आता दुधाकडे वळू. भावंडांनी एकमेकांची आठवण आपली मानणे ही अपवादात्मक गोष्ट नव्हे. शीन, केम्प आणि रुबिन यांनी २००१ मध्ये जुळ्या भावंडांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोघांपैकी प्रत्येकाला तो प्रसंग आपल्यावरच गुदरला अशी खात्री असल्याची कितीतरी उदाहरणे सापडली, आणि जुळी नसलेल्या भावंडांतही हा प्रकार दिसला. सारख्या वयाची, शेजारी शेजारी बसणारी मुले आणि पुढे शेकडो वेळा सांगितली गेलेली गोष्ट, एवढी सामग्री त्याला पुरते. ओल्या बाहीच्या खरेपणाबद्दल मात्र मी कोणालाच हमी देणार नाही. आठवण जितकी ठसठशीत तितकी ती अचूक, असा काही नियम नाही.

आपल्या धाकट्या बहिणीविषयी थोडी सहानुभूती बाळगावी. बहुतेक प्रौढांची सर्वांत जुनी आठवण साधारण तीन ते साडेतीन वर्षांच्या वयाची असते आणि त्याआधीचे जे काही आपण सांगतो ते प्रायः ऐकलेले असते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांच्या १९९५ च्या प्रसिद्ध प्रयोगात २४ जणांना, लहानपणी ते बाजारपेठेच्या इमारतीत हरवले होते, अशी कल्पित गोष्ट घरच्यांनी सांगितलेल्या खऱ्या गोष्टींत मिसळून वाचायला दिली होती. त्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोकांना ती पूर्णतः किंवा अंशतः आठवू लागली. तिथे एक लेखी परिच्छेद आणि दोन मुलाखती एवढ्यावर भागले. आपल्या घरी तर तीच गोष्ट त्याच खोलीत, त्याच टेबलाकडे बोट दाखवून, खुद्द आजोबांच्या देखत सांगितली जात असणार.

प्रतिसाद २ – थोरलीलेक

वरचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु कोपर कोणाचे हा प्रश्न मला मुळात गौण वाटतो. त्या रात्री सांडलेले दूध कोणी पुसले, हे आपण तिघांपैकी कोणी लिहिले आहे का?

मीही अशाच घरातली, आणि मुलींमध्ये सर्वांत मोठी. मला आमचे जेवणाचे टेबल समोरून फारसे आठवतच नाही. आठवतात त्या सर्वांच्या पाठी. हातात जड पातेले घेऊन दोन खुर्च्यांच्या मधून वाकायचे, तर कोण आपणहून खांदा आवरून जागा देते आणि कोणाला दरवेळी सांगावे लागते, हे मला आजही क्रमाने सांगता येईल. धाकट्या काकांच्या उजव्या खांद्यावरून कधीच वाढायचे नाही, कारण ते बोलण्याच्या भरात हात उडवत. आई आणि काकू शेवटी बसत, तेव्हा दिव्याखालची जागा रिकामी असूनही त्या स्वयंपाकघराच्या दाराजवळच्याच खुर्च्यांवर बसत. पुन्हा उठावे लागलेच तर तेवढाच फेरा वाचायचा. त्या वेळी होणारे बोलणे हेच माझ्या दृष्टीने त्या घरातले खरे जेवणाचे बोलणे होते: हलक्या आवाजातले, अर्धवट वाक्यांचे, आणि पुरुष माणसांपैकी कोणी पाणी प्यायला आत आले की एकदम विषय बदलणारे.

माझ्या धाकट्या भावाच्या आठवणीत मात्र ती खोली म्हणजे नुसता आनंदसोहळा आहे. तो खोटे बोलत नाही, त्याची खुर्चीच तशी होती. आपल्याला एक प्रमाण हकिकत हवी असेल तर ती बहुधा सर्वांत चांगल्या जागी बसणाऱ्याची होईल, याचा लिहिण्यापूर्वी जरूर विचार करावा. आपल्या प्रश्नात काका खाकरताना ऐकू येतात, परंतु काकू आणि आत्या यांची नुसती नोंद आहे. हे मी टोचून लिहीत नाही. त्या खोलीत मुलांना कोण दिसत असे आणि कोण दिसत नसे, याचाच तो नमुना आहे.

प्रतिसाद ३ – उष्टीवाटी

थोरलीलेक यांच्याशी पूर्ण सहमत आहे आणि त्यात एक भर घालतो. अशा पुस्तिकांमधून जबरदस्तीने खाऊ घातलेले घास हटकून गायब होतात. आमच्याकडे ताट रिकामे झाल्याशिवाय उठायचे नाही असा दंडक होता. एक भाजी समोर ठेवून बाकी सगळे उठून गेल्यावर, दिवा तसाच ठेवून, मी किती वेळ बसून राहिलो असेन याची गणती नाही. ती भाजी मी आजही खात नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लहानपणच्या अशा सक्तीविषयी विचारले होते, तेव्हा सक्ती अनुभवलेल्यांपैकी ७२ टक्के जणांनी तो पदार्थ आपण आता आपखुशीने खाणार नाही असे सांगितले. माझ्या आजीला हे वाचून दाखवायला हवे होते, परंतु तिने तो कागदसुद्धा संपवायला लावला असता.

प्रतिसाद ४ – जोडाक्षर

आमच्या कुटुंबाची अशी पुस्तिका आम्ही पूर्ण केली आहे, म्हणून थोडे व्यवहाराचे लिहितो.

आधी कागदावर खोलीचा नकाशा काढावा: दार, खिडकी, दिवा, दोन्ही टेबले, आणि कोण कुठे बसे. हा नकाशा प्रत्येकाला स्वतंत्रपणे काढायला सांगावा आणि पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याचा दाखवू नये. आठवणीही एकेकट्याने सांगितलेल्या आधी ध्वनिमुद्रित कराव्यात. सर्वांना एकत्र बसवून आठवायला लावले तर गप्पा रंगतात हे खरे, पण एकाच्या बोलण्याने दुसऱ्याचा धागा तुटतो. एकेकट्याने आठवलेल्याची बेरीज ही एकत्र बसून आठवलेल्यापेक्षा सहसा अधिक भरते, असे प्रयोगांतही वारंवार दिसले आहे. एकत्र बैठक नंतर जरूर घ्यावी. तिच्यात आठवणींपेक्षा वाद अधिक मिळतात आणि तेही उपयोगी असतात.

प्रश्न प्रसंगाचे विचारू नयेत. एखादा मजेदार प्रसंग सांगा असे म्हटले की हजारदा सांगून गुळगुळीत झालेला किस्साच बाहेर येतो. त्याऐवजी पाय जमिनीला टेकत होते का, सर्वांत आधी कोण उठायचे, काय मागायची भीती वाटायची, कोणाच्या शेजारी बसणे टाळायचा, असे विचारावे. शक्य असेल तर त्या स्वयंपाकघरातला एखादा वास पुन्हा निर्माण करावा. सायमन चू आणि जॉन डाउन्स यांच्या २००० मधल्या संशोधनानुसार वासाने जाग्या होणाऱ्या आठवणी प्रामुख्याने सहा ते दहा वर्षांच्या वयातल्या असतात, तर शब्दांनी जाग्या होणाऱ्या अकरा ते पंचवीस या काळातल्या. आपल्याला हवा असलेला काळ नेमका पहिला आहे.

आणखी एक गोष्ट तपासावी: गोष्ट सुरू कोण करत असे आणि तिच्यावर निवाडा कोण देत असे. एलिनोर ऑक्स आणि कॅरोलिन टेलर यांनी अमेरिकी कुटुंबांच्या रात्रीच्या जेवणांचे चित्रीकरण करून अभ्यास केला, तेव्हा मुलांच्या दिवसभराच्या हकिकती बहुतेकदा आई पुढे आणते आणि त्यांवर टीका-टिप्पणी करण्याचे काम बहुतेकदा वडील करतात, असे त्यांना दिसले. हा नियम आपल्या घराला लागू पडेलच असे नाही, पण तो प्रश्न विचारताच आमच्याकडे दोन आत्यांनी आयुष्यात प्रथमच मोकळेपणाने बोलायला सुरुवात केली.

लांबटेबल

सर्वांचे मनःपूर्वक आभार. थोरलीलेक यांचा प्रतिसाद वाचून मी त्याच संध्याकाळी काकूंना दूरध्वनी केला. त्या खोलीत आपण कुठे बसत होता, असे विचारल्यावर त्या बराच वेळ हसल्या आणि म्हणाल्या, "बसत होते, हे तुला कोणी सांगितले?" पुढचे बोलणे लांबले. ते मी त्यांच्या परवानगीने लिहून घेतले आहे आणि एक प्रमाण हकिकत करण्याचा विचार सोडून दिला आहे. आता प्रत्येक खुर्चीचे एक प्रकरण होईल आणि दारातल्या जागेचेही.

एकच शंका उरते. काकूंनी सांगितलेल्यातले काही हयात असलेल्या मंडळींना झोंबणारे आहे. ते छापावे का?

जोडाक्षर

छापण्यापूर्वी संबंधित व्यक्तीला तेवढा मजकूर वाचायला द्यावा आणि उत्तर लिहायचे असल्यास जागा द्यावी. आमच्या एका काकांनी तीन पाने उत्तर लिहिले आणि तेच पुस्तिकेतले सर्वांत वाचनीय प्रकरण ठरले. ज्यांचे नाव येते ते हयात नसतील, तर त्यांच्या मुलांना विचारावे. मात्र काकूंचा मजकूर सौम्य करण्याचे काम कोणी दुसऱ्याने करू नये. काय वगळायचे ते त्यांनाच ठरवू द्यावे.