ओएसिसचा 'मॉर्निंग ग्लोरी': गाणी एवढी चांगली, मग कान का थकतात?

कोमल_निषाद

ओएसिस या इंग्लिश रॉक बँडचा '(व्हॉट्स द स्टोरी) मॉर्निंग ग्लोरी?' (१९९५) हा अल्बम सलग ऐकायला घेतला की 'हेलो' आणि 'रोल विथ इट' दणक्यात जातात. 'वंडरवॉल' आणि 'डोन्ट लुक बॅक इन अँगर' यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. पण 'सम माइट से' येईपर्यंत डोकं भणभणतं. आवाज कमी केला तरी कर्कशपणा जात नाही. हीच गाणी सुटी ऐकली तर त्रास नाही. दोष हेडफोनचा की रेकॉर्डिंगचा? रेकॉर्डिंगचा असेल तर कोणती आवृत्ती घ्यावी? आणि त्यांच्या आधीच्या 'डेफिनेटली मेबी' अल्बमपेक्षा हा खरंच सरस आहे का?

तिरपी_तार

हेडफोन निर्दोष आहे. निर्माता ओवेन मॉरिस (बँडचा गिटारवादक नोएल गॅलाघरसोबत) याने हा अल्बम मुद्दामच त्या काळातल्या बहुतेक सीडींपेक्षा मोठ्या आवाजात बांधला. बऱ्याच गाण्यांची सरासरी पातळी उणे ८ डेसिबलच्या आसपास आहे. डिजिटलमध्ये वरचं छत शून्यावर असतं, म्हणजे सरासरी आणि छत यांच्यात फार थोडी जागा उरते. ड्रमचा ठोका क्षणभर उंच उडतो, तो लिमिटर (ठरावीक पातळीवर आवाज अडवणारं साधन) कापतो आणि मग बाकी सगळं वर उचललं जातं. फाइल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा, लाटांऐवजी वीट दिसेल.

त्यावर गिटारचे थरावर थर. झांजांचा छणछणाट आणि विकृत केलेल्या गिटारचा आवाज साधारण २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर बसतात, आणि कान नेमका तिथेच सर्वांत हळवा असतो. मध्ये श्वास घ्यायला जागा नाही, म्हणून सलग ऐकताना थकवा येतो.

उपाय: इक्वलायझरवर ३ किलोहर्ट्झच्या आसपास २ डेसिबल कमी करा, त्याहून जास्त नको, नाहीतर गायक लियमचा आवाज मागे जाईल. स्पॉटिफायवर नॉर्मलायझेशन (सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करणारी सोय) चालू ठेवा. ते सगळं उणे १४ लफ्सच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास आणतं, त्यामुळे इतर अल्बमांशी तुलना तरी न्याय्य होते. मात्र कापलेले ठोके त्याने परत येत नाहीत. विटेला लहान केलं तरी ती वीटच.

बी_साइड

वरचं सगळं मान्य, पण एक विसरू नका: १९९५ च्या श्रोत्याला हा आवाज कारच्या स्टिरिओवर आणि पबच्या ज्यूकबॉक्सवर जिंकून देत होता. शेजारच्या सीडीपेक्षा हीच मोठी वाजायची.

आवृत्तीबद्दल. जुन्या एलपीला दोन तबकड्या आहेत. अल्बम ५० मिनिटांचा आहे, तो एका तबकडीच्या दोन बाजूंत बसवला तर खाचा अरुंद होऊन आवाज खाली आणावा लागला असता. सीडीवर नसलेलं 'बोनहेड्स बँक हॉलिडे' त्यावर आहे, गंमत म्हणून ठीक. पैसे एकदाच घालायचे असतील तर २०१४ चा तीन सीडींचा संच घ्या. कारण मूळ अल्बम नव्हे, त्यातली बी-साइड्सची (सिंगलच्या मागच्या बाजूला दिलेल्या गाण्यांची) सीडी! 'अ‍ॅक्विएस' हे 'सम माइट से'च्या मागे, 'द मास्टरप्लॅन' हे 'वंडरवॉल'च्या मागे, 'रॉकिंग चेअर' हे 'रोल विथ इट'च्या मागे गेलं. 'हे नाऊ!' ठेवून 'अ‍ॅक्विएस' बाहेर, हा निर्णय माझ्या मते अल्बममधली सर्वांत मोठी चूक. 'स्टेप आउट' मात्र नाइलाजाने गेलं, स्टीव्ही वंडरच्या 'अपटाइट'शी फार जवळीक होती.

'डेफिनेटली मेबी'शी तुलना? तो एका दमात लिहिल्यासारखा आहे, हा चढउताराचा. इंग्लंडमध्ये दोन्ही पहिल्या क्रमांकावर गेले, पण अमेरिकेत बँडला चौथ्या क्रमांकापर्यंत नेलं ते याने. आणि त्याचं श्रेय गिटारच्या भिंतीला नाही, 'वंडरवॉल'मधल्या मेलोट्रॉनच्या (टेपवरचे वाद्यांचे आवाज वाजवणारा कीबोर्ड) चेलोला आणि उशिरा येणाऱ्या ड्रमला आहे. तो ड्रम नवा ड्रमर अ‍ॅलन व्हाइटचा. जुना ड्रमर टोनी मॅककॅरोल याआधीच बाहेर पडला होता, फक्त 'सम माइट से'वर तो ऐकू येतो. लागोपाठ ऐका, फरक कळेल: टोनी सरळ ठोकतो, अ‍ॅलन जरा झुलतो.

कोमल_निषाद

'हे नाऊ!'बद्दल सहमत, पावणेसहा मिनिटं कशासाठी? पण 'शॅम्पेन सुपरनोव्हा' साडेसात मिनिटांचं असूनही लांबल्यासारखं वाटत नाही.

तिरपी_तार

कारण तिथे थर हळूहळू चढतात. सुरुवातीला पाण्याचा आवाज आणि मोकळी गिटार, खालचा स्वर पायरीपायरीने उतरतो, आणि सोलोत पाहुणा गिटारवादक पॉल वेलर येतो. वीट तिथेही आहेच, पण निम्म्या वाटेनंतर.

मांडीवरचा_गिटार

गिटार वाजवणाऱ्यांसाठी थोडं. 'डोन्ट लुक बॅक'चा गोडवा कुठे आहे? कॉर्डच्या या क्रमात: सी, जी, ए मायनर, ई, एफ, जी, सी. सी हा षड्ज धरला तर ई मेजरमध्ये कोमल धैवत येतो, आणि ए मायनरवर न परतता पुढचा एफ त्याला शुद्ध धैवतावर चढवतो. इंटरनेटवरच्या काही सोप्या मांडणीत ई काढून ई मायनर टाकतात. मग कोमल धैवतही जातो आणि जादूही.

'वंडरवॉल'साठी कॅपो दुसऱ्या फ्रेटवर. अनामिका आणि करंगळी खालच्या दोन बारीक तारांवर, कॅपोपासून तिसऱ्या फ्रेटवर, आणि कडवं संपेपर्यंत त्या उचलायच्या नाहीत. ई मायनर ७, जी, डी सस ४, ए ७ सस ४ हे चारही तर्जनी आणि मधल्या बोटानेच बदलतात. नवशिक्यांचं बिघडतं ते डी सस ४ ला: वरच्या दोन जाड तारा वाजू देतात आणि सगळं गढूळ होतं. हात खालच्या चार तारांवर ठेवा. मनगट सोळांश लयीत (एका ठोक्यात चार हालचाली) सतत हलतं राहू द्या, काही फटके हवेत सोडायचे. आणि ड्रम यायच्या आधीच जोर लावू नका.