नायकाच्या प्रवासाचे टप्पे शिकवायला कोणती कथा घ्यावी?

वाचनवेडी:
नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाच्या सुट्टीतल्या शिबिरात आठवी-नववीच्या मुलांना नायकाच्या प्रवासाचे टप्पे सांगायचे आहेत. नायकाचा प्रवास म्हणजे घर सोडून, कसोटीतून जाऊन परतणाऱ्या नायकाच्या कथांचा साचा. पुराणकथांचा अभ्यासक जोसेफ कॅम्पबेलने १९४९ साली मांडलेले १७ टप्पे वाचले, त्यावरून व्होगलरने लेखकांसाठी केलेले १२ पण वाचले. मुलांना सिनेमांतली उदाहरणं पाठ आहेत, म्हणून आपल्याकडची जुनी कथा हवी आहे. रामायण नको, पुढे काय होणार ते सगळ्यांना ठाऊक असतं. कोणती घेऊ? आणि टप्पे किती सांगू?

पारावरचा:
टप्पे तीनच सांगा: निघणं, कसोटी, परतणं. कॅम्पबेलचे १७ देखील याच तीन भागांत बसवलेले आहेत. सगळी यादी फळ्यावर लिहिलीत तर मुलं गोष्ट सोडून रकाने भरत बसतील.

कथा महाभारताच्या वनपर्वातली, नळ-दमयंतीची. अंगात कली शिरलेला नळ भाऊ पुष्कराकडून द्यूतात राज्य हरतो, रानात झोपलेल्या बायकोला टाकून जातो. वणव्यातून वाचवलेला कर्कोटक नाग त्यालाच डसतो, रूप पालटतं आणि तो ऋतुपर्ण राजाचा बाहुक नावाचा सारथी होतो. मला सगळ्यात आवडतो तो बेहड्याच्या झाडाचा प्रसंग. रथ धावत असताना ऋतुपर्ण नुसत्या नजरेने झाडाची पानं-फळं मोजून सांगतो. बाहुकाला पटत नाही. घाई असूनही तो रथ थांबवतो, झाड पाडतो, फळं मोजतो. आकडा बरोबर निघतो! मग ऋतुपर्ण त्याला फाशांची विद्या देतो, बाहुकाकडून घोड्यांची विद्या पुढे घ्यायच्या बोलीवर. ती विद्या मिळताच अंगातला कली विष ओकत बाहेर पडतो. कसोटी म्हणजे राक्षसाशी लढाईच, असं मुलांना वाटत असतं. इथे ती मोजणीतून आणि शिकण्यातून पार पडते.

रानवाट:
ताई, दमयंतीला पूर्ण वेळ द्या, वर्गात मुलीही असतील. कॅम्पबेलच्या टप्प्यांत 'देवीची भेट' आहे, 'मोहात पाडणारी स्त्री' आहे, म्हणजे बाई वाटेत भेटणारी. विदर्भाची ही राजकन्या स्वतः रान तुडवते. अजगर, हत्तींनी चिरडलेला तांडा, चेदीच्या राजवाड्यात सैरंध्रीचं काम. नवऱ्याला शोधण्याची योजनाही तिचीच. दुसऱ्या स्वयंवराची हूल उठवून ती ऋतुपर्णाला एका दिवसात तिच्या माहेरी कुंडिनपूरला यायला लावते, कारण एवढ्या वेगाने रथ हाकणारा एकच माणूस तिला माहीत असतो. मग बाहुकाने शिजवलेलं मांस चाखते आणि ओळखते.

मातीची पाटी:
वेळ उरला तर मेसोपोटेमियाच्या जुन्या महाकाव्यातला राजा गिल्गमेश घ्या. मित्र एन्किडू मेल्यावर तो अमरत्व शोधायला निघतो, तारुण्य देणारी वनस्पती हाती लागते, ती साप पळवतो. रिकाम्या हाताने आपल्या उरुक नगरीला परत.

वाचनवेडी:
ठरलं, नळ-दमयंती. एकच शंका. परतताना नायक सोबत काहीतरी आणतो म्हणतात. नळ काय आणतो? राज्य तर त्याचंच होतं.

पारावरचा:
फाशांची विद्या. ही गोष्ट बृहदश्व ऋषी वनवासातल्या युधिष्ठिराला सांगतात, तोही द्यूतातच सगळं हरलेला. गोष्ट संपल्यावर ऋषी तीच विद्या त्यालाही देतात. त्यामुळे नळाने पुष्कराला हरवलं तिथे थांबू नका, बृहदश्वांपर्यंत नक्की या.