व्ही-क्रॉसला पुढे २४५ आणि मागे २६५ टायर चालतील का?

घोडबंदर_पिकअप:
इसुझू व्ही-क्रॉस, फोर बाय फोर. चारही टायर २४५/७० आर१६ (रुंदी २४५ मि.मी., उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १६ इंची). मागचे दोन संपलेत, पुढच्यांची नक्षी ५ मि.मी. शिल्लक आहे. तुर्भ्याला २६५/७० आर१६ ची वापरलेली जोडी स्वस्तात मिळतेय, रिम आहेत तेच राहतील. मागे हे जाड टायर टाकले तर काय बिघडेल? पावसात घोडबंदर रस्त्यावरच्या गायमुखच्या चढावर ४एच (चारही चाकांना ताकद) लावून चालवतो.

कळवा_गिअरबॉक्स:
२एचमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद) लगेच काही मोडणार नाही. ४एच लावणार असाल तर नकोच.

हिशेब बघा. २४५/७० आर१६ चा व्यास साधारण ७४९ मि.मी., २६५/७० चा ७७७. म्हणजे दर फेऱ्याला ८८ मि.मी. फरक, आणि किलोमीटरमागे पुढच्या चाकांना १५ फेरे जास्त. तेही नव्या टायरचं गणित; तुमचे पुढचे झिजलेत, त्यामुळे फरक आणखी वाढतो. या गाडीत मधलं डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) नाही. ४एच लागला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात, मग हे जादा फेरे जायचे कुठे? चिखलात टायर घसरतो आणि ताण सुटतो. काँक्रीट ओलं असलं तरी बऱ्यापैकी पकड धरतं, म्हणून सगळा ताण शाफ्टच्या क्रॉसवर (सांध्यावर) आणि ट्रान्सफर केसवर (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरपेटीवर) येतो. स्टेअरिंग जड होतं, वळताना खालून ठक आवाज येतो, २एचला टाकूनही ४एचचा दिवा जात नाही. तेव्हा जोर लावू नका. सरळ रेषेत चार-पाच मीटर रिव्हर्स घ्या, बहुतेक वेळा सुटतं.

आणि गायमुखला ४एच लागतोच कशाला? रस्ता पक्का आहे, वेग कमी ठेवा.

तळोजा_टायर:
वरच्याशी सहमत. एबीएसचंही (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बघा. मागची चाकं सतत हळू फिरताना दिसली की ईबीडी (पुढच्या-मागच्या ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणा) त्याला घसरण समजून मागचा ब्रेक कमी करू शकते. एबीएसचा दिवा लागेलच असं नाही.

साइज तोच घेतला तरी कंपनीनुसार व्यास थोडा बदलतो, म्हणून मोजून घ्या. चारही चाकांत दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा, टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, गाडी सरळ ढकलून पाच फेरे होऊ द्या आणि टेप लावा. पुढे-मागे १ टक्क्याच्या वर फरक आला तर ४एच विसरा. आत्ताच्या बेतात तो जवळजवळ ४ टक्के आहे.

वापरलेल्या टायरच्या बाजूवरच्या डॉट (DOT) कोडचे शेवटचे चार आकडेही वाचा. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. इतका जुना स्वस्त पडला तरी नको. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) जुन्यापेक्षा कमी नसावा.

घोडबंदर_पिकअप:
मग २४५ चीच नवीन जोडी घेतो. ती पुढे टाकू की मागे? आणि स्टेपनी जुनी २३५/७० आहे, ती चालेल?

तळोजा_टायर:
नवीन मागे. पावसात मागची पकड आधी सुटली तर गाडी फिरते. ४एच लावायच्या आधी मात्र पुढच्यांशी खडूने मोजून घ्या.

कळवा_गिअरबॉक्स:
२३५/७० चा व्यास ७३५, म्हणजे तुमच्यापेक्षा १४ मि.मी. कमी. दुकानापर्यंत चालेल, फक्त २एचमध्ये आणि शक्यतो पुढच्या ॲक्सलवर. मागचा पंक्चर झाला तर पुढचं चाक मागे घ्या आणि स्टेपनी पुढे लावा. नाहीतर मागच्या (डाव्या-उजव्या चाकांमधल्या) डिफरन्शियलमधले छोटे गिअर सरळ रस्त्यावरही फिरत राहतात आणि तेल तापतं.