मानेतली गाठ: काम सुईचं की औषधाचं?

वर विचारलंय ना, की कोरियात अ‍ॅक्युपंक्चरच्या पॉइंटवर वनस्पतींचा अर्क इंजेक्शनने देतात तो मानेच्या जुन्या दुखण्यावर खरंच चालतो का, तर माझं म्हणणं आधी तुलना कशाशी केलीय ते बघा. नुसत्या गोळ्यांशी केली असेल तर सोडून द्या, सुई टोचली की माणसाला अर्धं बरं वाटतंच. दुसऱ्या गटाला त्याच जागी साधं सलाइन द्यायचं आणि पेशंटला कळता कामा नये सिरिंजमध्ये काय आहे. १९८० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात असाच प्रयोग आला होता, स्नायूंच्या दुखण्यावर भुलीचं मेपिव्हाकेन विरुद्ध सलाइन, आणि सलाइनवाले मागे पडले नाहीतच, उलट!

मी स्वतः दादरला ड्राय नीडलिंग करून घेतलंय, म्हणजे औषधाशिवाय नुसती सुई. वीस वर्षं लोकलमध्ये डाव्या खांद्याला बॅग, उजव्या हातात कडी, त्यामुळे मान आणि खांद्याच्या मधे सुपारीएवढी गाठ झालेली. सुई नेमकी तिथे गेली की स्नायू आतल्या आत टुणकन उडतो, गळाला मासा लागल्यासारखा, मग दोन दिवस ठणका आणि मग मान वळायला लागते. माझी वळली बाबा, पण त्याच महिन्यात मी सॅकही घेतली होती, त्यामुळे श्रेय कोणाला देऊ?

आणि हो, त्या जागेखालीच फुप्फुसाचं टोक असतं, सुई खोल गेली तर छातीत हवा शिरू शकते. शिवाय काही जण मधमाशीचं विष टोचतात, अ‍ॅलर्जीवाल्यांनी त्या वाटेला जाऊच नका.